भाग पाडू नये, करूही देऊ नये : कारखाना कायद्याच्या सहाव्या प्रकरणावर भाष्य

कारखाने अधिनियम, १९४८ हा त्या वर्षीचा ६३ वा कायदा. तो १ एप्रिल १९४९ पासून अमलात आला. त्याच्या सहाव्या प्रकरणात, म्हणजे कलम ५१ ते ६६ मध्ये, प्रौढ कामगारांच्या कामाच्या तासांचे नियम आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता लागू झाली आणि या कायद्याची जागा तिने घेतली. जुन्या घरातून निघताना भिंती एकदा हाताने चाचपून पाहाव्यात, तसे हे प्रकरण मी पुन्हा वाचले. खाली प्रत्येक कलमाचा आशय माझ्या मराठीत दिला आहे आणि त्याखाली भाष्य आहे. जिथे थांबण्यासारखे आहे तिथेच थांबलो आहे.

कलम ५१ : कोणत्याही प्रौढ कामगाराला कोणत्याही आठवड्यात ४८ तासांहून अधिक काम करायला भाग पाडू नये, किंवा करू देऊ नये.

"प्रौढ" म्हणजे ज्याची अठरा वर्षे पूर्ण झाली तो. "आठवडा" शनिवारच्या मध्यरात्री सुरू होतो, अशी व्याख्या कलम २ मध्ये आहे. ती कोरडी वाटते, पण तिच्यावाचून ४८ या आकड्याला अर्थ उरत नाही. आठवडा कुठून मोजायचा हे मालकावर सोडले असते, तर सहा दिवस या आठवड्यातले आणि सहा त्या आठवड्यातले जोडून हवी ती बेरीज मांडता आली असती.

आता आकडा. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्यात मोठ्या माणसाच्या तासांबद्दल एक शब्दही नव्हता. तो फक्त मुलांपुरता होता : सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घ्यायचे नाही आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांहून जास्त काम घ्यायचे नाही. १८९१ मध्ये बायकांसाठी अकरा तासांची मर्यादा आली. पुरुषाच्या वाट्याला मर्यादा यायला १९११ साल उजाडले, तीही कापड गिरण्यांपुरती आणि दिवसाला बारा तासांची. गिरण्यांत विजेचे दिवे येण्याआधी सूर्य मावळला की काम थांबायचे. दिवे आले आणि ती नैसर्गिक हद्दही गेली, तेव्हा कायद्याने हद्द घालणे भाग पडले. १९२२ मध्ये आठवड्याला ६० तास, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी ५४ आणि १९४६ च्या दुरुस्तीने ४८. ही दुरुस्ती झाली तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. चौदा तासांचे आठ तास एका सहीने झाले असे भाषणांतून ऐकू येते, ते तसे नाही. प्रत्येक पायरीला दहा ते वीस वर्षे लागली. शेवटची पायरी ज्यांच्या हातून बांधली गेली त्यांचे श्रेय या हिशेबाने कमी होत नाही. उलट, आधी किती जण खपले होते ते दिसते.

एक अवघड गोष्टही इथेच सांगितली पाहिजे. १८८१ च्या कायद्याला ‘मराठा’सारख्या राष्ट्रीय वृत्तीच्या पत्रांचा विरोध होता. मुंबईच्या गिरण्या मागे पडाव्यात म्हणून लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनी हा कायदा आणायला लावला, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात तथ्यही होते. पण लँकेशायरचा स्वार्थ खरा म्हणून परळच्या पोराचे तास खोटे ठरत नव्हते. हे ज्याला दिसले तो माणूस म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे. ‘दीनबंधु’चे संपादक, जोतीराव फुल्यांचे सहकारी. त्यांच्याकडे पुढे वळायचेच आहे.

या कलमातला सर्वात मोलाचा भाग आकड्यात नाही, "किंवा करू देऊ नये" या चार शब्दांत आहे. भाग पाडू नये, एवढे लिहूनही कायदा होऊ शकला असता. मग मालक म्हणाला असता, मी कुठे जबरदस्ती केली, तो स्वतःहून थांबला. आणि ते अनेकदा खरेही असते. घरभाडे थकलेले असते, मुलीची फी भरायची असते, माणूस खरोखरच स्वतःहून थांबतो. कायदा त्याच्या गरजेवर शंका घेत नाही. तो पुढचे पाहतो. एकाने "चालेल" म्हटले की शेजारच्या मशीनवरच्याला "नाही" म्हणायची सोय राहत नाही आणि महिन्याभरात ती खुशी खात्याची रीत होते. म्हणून तास ही वाटाघाटीची बाबच ठेवली नाही. "करू देऊ नये" ही शब्दयोजना पुढे ५२, ५४, ६० आणि ६६ या कलमांतही येते. गाण्यातल्या षड्जासारखी ती कानात ठेवूनच पुढचे वाचावे.

कलम ५२ : आठवड्याच्या पहिल्या दिवशी काम करायला भाग पाडू नये, किंवा करू देऊ नये, मात्र त्या दिवसाच्या आधीच्या वा नंतरच्या तीन दिवसांत बदली सुट्टी दिली असेल तर चालेल.

पहिला दिवस म्हणजे रविवार. या एका वाराची किंमत मुंबईने मोजली आहे. सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या अशा : आठवड्यातून एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, कामावर जखम झाली तर भरपाई. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रिया बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. कायद्यात ती पुढच्या वर्षी आली. म्हणजे इथे मैदान पुढे होते आणि कायदा मागून आला.

याच कलमात आणखी एक अट आहे : बदली सुट्टी कशीही फिरवली, तरी पूर्ण दिवसाच्या सुट्टीवाचून सलग दहा दिवसांहून जास्त काम होता कामा नये. ज्यांनी हे लिहिले त्यांना कारखान्याचे कॅलेंडर ठाऊक होते. या आठवड्याची सुट्टी सुरुवातीला आणि पुढच्याची शेवटी टाकली की मधे बारा दिवस सलग निघतात. ती फट इथे बुजवली आहे.

कलम ५३ : सूट मिळाल्यामुळे जी सुट्टी बुडाली ती त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत भरून द्यावी.

हिलाच शॉपमध्ये "सी-ऑफ" म्हणतात. अर्थ स्पष्ट आहे.

कलम ५४ : कलम ५१ च्या अधीन राहून, कोणत्याही दिवशी नऊ तासांहून अधिक काम करायला भाग पाडू नये, किंवा करू देऊ नये.

"अधीन राहून" हे शब्द सुटले तर हिशेब चुकतो. नऊ गुणिले सहा चोपन्न, आणि आठवड्याची हद्द ४८. म्हणजे नऊ तास रोज देता येत नाहीत. पाच दिवस नऊ केले तर सहाव्या दिवशी तीनच उरतात. आठवड्याचे आणि दिवसाचे कुंपण वेगवेगळे आहे, आणि दोन्ही एकाच वेळी उभी आहेत.

दोन कशाला? आठवड्याची हद्द असताना दिवसाची वेगळी का हवी? सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने या प्रकरणातले आकडे बदलायला मंजुरी दिली, तेव्हापासून हा प्रश्न टांगलेला आहे. दिवसाचे नऊ तास बारा करायचे, विश्रांती पाचऐवजी सहा तासांनी, आणि तिमाहीतला ओव्हरटाइम ११५ तासांवरून १४४. आठवड्याचे ४८ तेच राहणार आणि जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागणार. समर्थनाचा मुद्दा असा की बेरीज तीच आहे, बारा चोक अठ्ठेचाळीस, उरलेले तीन दिवस माणूस मोकळा.

माझे उत्तर असे : शरीर आठवड्याच्या हिशेबाने दमत नाही, दिवसाच्या हिशेबाने दमते. प्रेसवर उभ्या असलेल्या माणसाचा अकराव्या तासाचा हात पहिल्या तासाच्या हातासारखा नसतो आणि प्रेस दोन्ही वेळी तेवढ्याच जोराने खाली येते. शिवाय बारा तासांना घर ते गेट हा वेळ जोडा. औद्योगिक वसाहतीत बसने येणाऱ्याला एका बाजूचा दीड तास नवा नाही. पंधरा तास झाले. राहिलेल्या नऊ तासांत जेवण, अंघोळ, पोरांची तोंडे आणि झोप. आणि उरलेले तीन दिवस मोकळे राहतील, ही गोष्ट कोणत्या कलमात लिहिलेली असते? जादा कामाचे १४४ तास तेरा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला अकरा येतात. पाचवा दिवस तिथेच भरला.

कलम ५५ : निदान अर्ध्या तासाची विश्रांती मिळाल्याशिवाय कोणीही सलग पाच तासांहून जास्त काम करू नये.

लोखंड्यांच्या अर्जातला दुपारचा अर्धा तास तो हाच. मागितला १८८४ मध्ये आणि १९४८ च्या कायद्यातही तेवढाच आहे, मिनिटभरही वाढलेला नाही. मुख्य निरीक्षकाला किंवा राज्य शासनाला हे पाच तास सहापर्यंत वाढवता येतात, पण ती सूट आहे, नियम नव्हे. सूट आणि नियम यांची अदलाबदल झाली, तर बदल एका तासाचाच दिसतो. पण सूट मागणाऱ्याला कारण द्यावे लागते, नियम पाळणाऱ्याला लागत नाही.

कलम ५६ : कामाचे तास विश्रांतीसकट एका दिवसात साडेदहा तासांपलीकडे पसरू नयेत.

याला शॉपमध्ये आणि ऑफिसात सगळे "स्प्रेड ओव्हर"च म्हणतात. मी "पसारा" म्हणतो. समजा हे कलम नाही. मग सकाळी सात ते अकरा काम, मग पाच तास "विश्रांती", मग चार ते आठ. काम भरले आठच तास आणि माणूस मात्र तेरा तास कारखान्याचा. घर लांब असले तर मधले पाच तास गेटबाहेर टपरीवर काढायचे. कायद्याने फक्त काम मोजले नाही, काम माणसाचा दिवस किती व्यापते तेही मोजले. या प्रकरणातले मला सर्वात शहाणे वाटणारे कलम हेच. मुख्य निरीक्षक पसारा बारा तासांपर्यंत वाढवू शकतो, पण त्याची कारणे त्याला लेखी नोंदवावी लागतात.

नव्या संहितेच्या कलम २५ मध्ये दिवसाचे आठ तास लिहिलेले आहेत, आणि तिथेही "भाग पाडू नये, किंवा करू देऊ नये" हीच भाषा आहे. पण विश्रांती किती आणि पसारा किती, हे आकडे संहितेत नाहीत. ते शासनाने अधिसूचनेने ठरवायचे आहेत. कायद्यातला आकडा बदलायचा तर विधेयक येते, सभागृहात कोणीतरी उठून बोलतो, दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येते. अधिसूचना निघते तेव्हा पुष्कळदा ती निघाल्याचेच कामगाराला कळत नाही.

कलम ५७ : पाळी मध्यरात्रीच्या पुढे जात असेल तर पूर्ण दिवसाची सुट्टी म्हणजे ती पाळी संपल्यापासूनचे सलग चोवीस तास.

माझे वडील तीन पाळ्यांत काम करत. रात्रपाळीच्या आठवड्यात ते रविवारी सकाळी सातला घरी येत. आई खिडकीला जाड चादर लावायची आणि आम्ही भावंडे जिन्यात बसून खेळायचो. ते उठेपर्यंत दुपारचे तीन वाजलेले असत. सोमवारी सकाळी सातची पहिली पाळी. या कलमाप्रमाणे त्यांना सुट्टी पूर्ण मिळाली होती, सात ते सात, चोवीस तास. त्यातले आठ झोपेत गेले आणि पहाटे लवकर उठायचे म्हणून रात्रही लवकर झाली. कलम नसते तर शनिवारची रात्र संपते तीच रविवारची सुट्टी असे धरून त्यांना रविवारी रात्री परत बोलावता आले असते. तेवढे या कलमाने वाचवले. त्याहून जास्त ते काही करत नाही, हे आम्ही जिन्यात बसून शिकलो.

कलम ५८ : एकाच कामासाठी एकमेकींवर चढणाऱ्या पाळ्या लावू नयेत.

एक तुकडी जायच्या आधी दुसरी आली, की कोण किती वेळ होता हे तपासणाऱ्याला कळत नाही. मोजणी शक्य राहावी म्हणून हे कलम आहे.

कलम ५९ : दिवसात नऊ किंवा आठवड्यात ४८ तासांहून अधिक काम झाले, तर त्या जादा कामाचा मोबदला नेहमीच्या दराच्या दुप्पट.

दुप्पट हे बक्षीस नाही. ओव्हरटाइम महाग पडावा, चार माणसांकडून जादा काम काढण्यापेक्षा पाचवा माणूस घेणे परवडावे, यासाठी ती तजवीज आहे. म्हणून "नेहमीचा दर" म्हणजे काय ते कायद्याने सांगून ठेवले : मूळ वेतन आणि भत्ते, सवलतीच्या धान्याची रोख किंमतसुद्धा, बोनस मात्र नाही. मूळ वेतन छोटे ठेवून भत्त्यांनी पगार फुगवायचा आणि दुप्पट फक्त मूळ वेतनाचे करायचे, ही युक्ती या व्याख्येने अडते. तरीही "सिंगल ओटी" हा शब्द कोणत्याही औद्योगिक वसाहतीत कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. जादा तास कच्च्या वहीत, पैसे साध्या दराने आणि पाकिटात. पक्क्या रजिस्टरला सगळे आठ तासांत घरी गेलेले.

१७ एप्रिल २०२० रोजी गुजरात शासनाने कोविडचे कारण देऊन अधिसूचना काढली : दिवसाला बारा तास, आठवड्याला बहात्तर, आणि जादा तासांना साध्याच दराने पैसे. आधार घेतला कलम ५ चा. युद्ध, परकीय आक्रमण किंवा अंतर्गत अशांतता यांमुळे देशाची सुरक्षा धोक्यात आली तर सूट देता येते, असे ते कलम आहे. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालात, ती अधिसूचना रद्द केली. साथीने आर्थिक मंदी आली म्हणून ती त्या कलमातली "अंतर्गत अशांतता" होत नाही, असे न्यायालयाने ठरवले आणि दुप्पट दराने ओव्हरटाइम देण्याचा आदेश दिला. एका शब्दाचा अर्थ नेमका लावल्यामुळे हजारोंच्या पगारात फरक पडतो. कलमे शब्दशः वाचावीत असा आग्रह मी धरतो तो यासाठी.

कलम ६० : ज्या दिवशी दुसऱ्या कारखान्यात काम केले आहे त्या दिवशी इथे काम करायला भाग पाडू नये, किंवा करू देऊ नये.

पुन्हा तोच षड्ज. थकवा गेट बदलल्याने उतरत नाही, इतके साधे तत्त्व.

कलमे ६१, ६२, ६३ : कामाच्या वेळांची सूचना लावावी, कामगारांची नोंदवही ठेवावी, सूचनेत आणि वहीत आहे त्याहून वेगळ्या वेळी कोणी काम करू नये.

तिन्ही एकत्र वाचावीत. ही सूचना म्हणजे गेटाशी काचेच्या पेटीत लावलेला, उन्हाने पिवळा पडलेला तक्ता. ती इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत असावी, असे कलम १०८ सांगते. तिच्याजवळ सहसा कोणी थांबत नाही. पण कायद्याची सगळी धार तिच्यात आहे. निरीक्षक आला, तक्त्यावर पहिली पाळी साडेतीनला संपते, घड्याळात पाच वाजलेत आणि लेथवर तोच माणूस उभा. एवढे पुरते. त्याने किती तास काम केले हे मोजत बसावे लागत नाही. त्यापुढे कलम १०३ आहे : काम चालू असताना कारखान्यात जो सापडेल तो कामावरच आहे असे धरले जाईल, जेवणाची वा विश्रांतीची वेळ वगळून; तसे नाही हे दुसऱ्या बाजूने सिद्ध करायचे. "तो नुसता बसला होता" हे उत्तर चालत नाही. साक्ष द्यायची वेळ आली की कामगाराची जीभ अडखळते, हे जाणून कायद्याने तिची गरजच कमी केली.

कलमे ६४, ६५ : शासनाला काही कामांसाठी व काही कारणांसाठी सूट देता येईल, पण सुटीलाही हद्द राहील.

तातडीच्या दुरुस्त्या, सतत चालावी लागणारी प्रक्रिया, अवचित वाढलेले काम, अशी कारणे इथे येतात. कलम ६४ खाली दिवसाला दहा, आठवड्याला ६० आणि तिमाहीत जादा कामाचे ५० तास. कलम ६५ खाली दिवसाला बारा, आठवड्याला ६० आणि तिमाहीत ७५. केंद्रीय कायद्यात ५० आणि ७५, महाराष्ट्रात ११५, मग १४४. हे आकडे एकाखाली एक लिहिले म्हणजे सूट कशी वाढत जाते ते दिसते. एप्रिल २०२३ मध्ये तमिळनाडूच्या विधानसभेने बारा तासांची वाट मोकळी करणारे विधेयक मंजूर केले. कामगार संघटना रस्त्यावर आल्या आणि काही दिवसांतच, १ मे रोजी, ते मागे घेतल्याचे मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले.

कलम ६६ : कोणत्याही स्त्रीला सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेखेरीज काम करायला भाग पाडू नये, किंवा करू देऊ नये.

इथे माझ्या सगळ्या मांडणीची परीक्षा आहे. शब्द तेच, पण कलम ५१ मध्ये ज्यांनी आधार दिला त्यांनीच इथे दार लावले. रात्रपाळीचा भत्ता, रात्रपाळीवरचे मशीन, त्यातून मिळणारी बढती, सगळे तिच्याकडून गेले आणि तिला कोणी विचारले नाही. डिसेंबर २००० मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वसंता विरुद्ध भारत सरकार या खटल्यात ही बंदी घटनाबाह्य ठरवली. मला तो निकाल पटतो. फरक असा की ५१ चे "करू देऊ नये" खात्यातल्या प्रत्येकाला लागू होते, त्यामुळे कोणाचीच संधी दुसऱ्याकडे जात नव्हती. ६६ चे फक्त तिला लागू होते, म्हणून तिची संधी शेजारच्या पुरुषाकडे जात होती.

संहितेच्या कलम ४३ ने आता तिच्या संमतीने रात्रीचे काम खुले केले आहे. सुरक्षितता, सुट्टी आणि तास यांच्या अटी शासन घालील. एका पॅकिंग युनिटमधल्या बाईंनी मला त्यांचा संमतीचा कागद दाखवला होता. छापील, दोन ओळींचा, खाली सही. दुसऱ्या पाळीच्या साऱ्या जणींचे कागद एकाच दिवशी, एकाच पेनाने भरून घेतलेले. मी विचारले, सही केली नसती तर? त्या म्हणाल्या, "मग जनरल शिफ्टला जागा नाही म्हणाले असते." पाळी सुटते रात्री साडेअकराला. बस चौकापर्यंत येते. चौकापासून त्यांच्या वस्तीपर्यंतचा पाऊण किलोमीटर त्या आणि आणखी दोघी मिळून चालतात, आणि तिसरी ज्या दिवशी खाडा करते त्या दिवशी त्यांचा मुलगा सायकल घेऊन चौकात येऊन उभा राहतो. तो नववीत आहे.